गाव मर्यादित

आमच्या गागोदे बुद्रुकात जन्मलेला सगळ्यात मोठा माणूस लहानपणीच गाव सोडून गेला. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे इथे जन्मले. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला, म्हणून पोरगंही बडोद्याला गेलं. तिथून साबरमती, वर्धा, पवनार, आणि मग पायी पायी अख्खा देश. विनायकाचे विनोबा झाले ते बाहेरच. पेण तालुक्यातल्या गावांची ही रीतच आहे. जन्म इथे घ्यायचा आणि जे काही व्हायचं ते बाहेर जाऊन. पूर्वी मुंबईच्या गिरणीत, आता पनवेल नाहीतर नवी मुंबईत. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरतं. उरलेलं वर्ष गाव चालवतात म्हातारी माणसं, डोलवीच्या कारखान्यात शिफ्टवर जाणारी पोरं, आणि परजिल्ह्यातून आलेले गुरुजी.

या गुरुजींचं नाव मी सांगत नाही. ते हजेरीपत्रकावर आहे, पण गावात कोणी घेत नाही. रायगड जिल्हा परिषदेच्या शाळांत असे गुरुजी पुष्कळ. कोणी बीडचे, कोणी नांदेडचे, कोणी लातूरचे. त्यातले बरेचसे पेणला खोली घेऊन राहतात, सकाळच्या गाडीने येतात, संध्याकाळच्या गाडीने जातात आणि आंतरजिल्हा बदलीचं पोर्टल कधी उघडतंय याची वाट बघत नोकरी काढतात. आमचे गुरुजी परभणी जिल्ह्यातले. २०१० च्या भरतीतून शिक्षणसेवक म्हणून आले तेव्हा तेही याच जातकुळीचे होते. पहिला पावसाळा त्यांनी दाराच्या आत काढला. परभणीत पाऊस येतो. आमच्याकडे तो राहायला येतो. ज्वारी मिळेना, तांदळाची भाकरी घशाखाली उतरेना, आणि शेजारच्या चुलीवर सुकट भाजायला घेतली की गुरुजी नाकाला उपरणं लावून वर्गपाठ तपासत बसायचे. ‘घाटावरचे गुरुजी टिकत नाय,’ असं गावाने ठरवून टाकलं होतं. गुरुजींचंही तेच मत होतं.

त्यांना बिघडवलं त्यांच्या हस्ताक्षराने.

गावात ज्याचं अक्षर चांगलं त्याला सुट्टी नसते. लग्नाच्या अहेराची वही, देवळाच्या वर्गणीची यादी, दहाव्याची पत्रं, सगळं त्याच्याकडे. दिवाळी उलटून भात झोडून झालं की आमच्याकडे रिकाम्या खाचरांत कबड्डीची मैदानं तयार होतात. ढेकळं फोडायची, माती चाळून पसरायची, पाणी मारून चोपायची, दोरी ताणून फक्कीच्या रेषा मारायच्या आणि चार बांबूंवर हॅलोजन चढवायचे. त्या वर्षी गुणलेखक ऐनवेळी आला नाही. कोणीतरी म्हणालं, ‘गुरुजींना बोलवा, त्यांचं अक्षर बरं हाय.’ गुरुजी मफलर गुंडाळून आले. कबड्डी त्यांनी शाळेत असताना खेळली होती, पण एका चढाईत एकदम चार गुण कसे येतात हे समजायला त्यांना पंचांना दोनदा विचारावं लागलं. समोर सहा किंवा सात गडी असले आणि चढाईवाल्याने बोनस रेषा ओलांडली की एक गुण, अख्खा संघ बाद केला की लोणचे दोन, शिवाय बाद झालेल्यांचे वेगळे. गुरुजींनी हे सगळं समासात लिहून घेतलं. शिक्षकाने एखादी गोष्ट समासात लिहून घेतली की ती त्याला आवडायला लागते. अक्षराला पाय फुटले आणि ते मैदानात गेले, असं काहीसं झालं. पहाटे तीनला शेवटचा सामना संपला तेव्हा मंडपात जागे होते ते दोघेच: जनरेटरवाला आणि गुरुजी. जनरेटरवाल्याला जागं राहण्याचे पैसे मिळत होते.

तेव्हापासून गुरुजींची एक वही आहे. खरं तर ती वही नाही, रजिस्टर आहे, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, आणि त्यात गावच्या संघातल्या प्रत्येक खेळाडूचं पान आहे. शाळेत मुलांच्या मूल्यमापनासाठी वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात; हात त्याच वळणावर पडलेला. मी ते रजिस्टर पाहिलं आहे. डाव्या कोपऱ्याच्या पानावर लिहिलंय: ‘घोट्याची पकड उत्तम. एकदा धरलेला पाय सोडत नाही. शिट्टी झाल्यावरही सोडत नाही. सुधारणेस वाव.’ मुख्य चढाईपटूच्या पानावर: ‘बोनस घेण्यात विशेष प्रावीण्य. स्वतःच्या प्रावीण्याविषयी विशेष आस्था. गटात मिसळण्याची सवय लावावी.’ आणि जो पोरगा गेली कित्येक वर्षं राखीव म्हणून नुसता बाकावर बसतो त्याच्या पानावर: ‘नियमित उपस्थिती. पाण्याच्या बाटल्या आवडीने भरतो.’ हे वाचून तो पोरगा दोन दिवस जेवला नव्हता म्हणतात. मग गुरुजींनीच त्याला बोलावून ‘आवडीने’ खाली रेघ मारून दाखवली.

संघातली बहुतेक पोरं डोलवी नाहीतर नागोठण्याला कंत्राटावर. सामना शनिवारी रात्री नऊला, उजवा मध्यरक्षक सेकंड शिफ्टला, चढाईपटू नाईटला. कोणाची कुठली शिफ्ट कधी बदलते, कोणाच्या बदल्यात कोण उभा राहील, कुठल्या सुपरवायझरला कबड्डी आवडते आणि कुठल्याला फक्त क्रिकेट, याचा तक्ता गुरुजींच्या घरात भिंतीवर आहे. शाळेचं वेळापत्रक त्याच्या खाली अर्धं झाकलेलं आहे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तो तक्ता पाहून ‘उत्कृष्ट नियोजन’ असा शेरा दिल्याची कथा गावात सांगतात. मी ती खरी मानत नाही, पण मलाही ती सांगायला आवडते.

१५ जुलै हा शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन. त्या दिवशी आमच्याकडे आभाळ फाटलेलं असतं आणि घरोघरची माणसं लावणीसाठी गुडघाभर चिखलात असतात. गुरुजी शाळेच्या ओसरीत खडूने अर्धं मैदान आखतात आणि दुसरीच्या पोरांना दम धरायला लावतात. बर्लिनला १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डी खेळून दाखवली होती, हे आमच्या शाळेतल्या पोरांना पाढ्यांआधी येतं. १९९० ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी आली, हेही येतं. सतराचा पाढा येत नाही. एका पालकाने तशी तक्रार केली तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘सतराची गरजच नाय पडत. बाराचा येतो ना? संघात बाराच असतात.’

पण नुसत्या आवडीने माणूस गावचा होत नाही, हे माझं ठाम मत आहे. गाव आवडणारे पुष्कळ असतात. विनोबांचं घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाही ते आवडतं. ते डोंगराकडे बघतात, मोठा श्वास घेतात, ‘काय शांतता आहे’ म्हणतात आणि गाडीत बसतात. गावचा होण्यासाठी गावाची भांडणं घ्यावी लागतात. जमीन, घर, भाषा हे पुढचं. आधी वैर.

गुरुजींनी ते पुरेपूर घेतलं. पलीकडच्या गावाशी आमचं एका अंतिम सामन्यावरून वाकडं आहे. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण गुरुजीही घेत नाहीत, ‘पल्याडचे’ म्हणतात. तो सामना झाला तेव्हा गुरुजी परभणीत चौथीत होते. आम्ही एका गुणाने हरलो. शेवटच्या चढाईत आमचा चढाईवाला गडी बाद करून परत आला, मध्यरेषेला हात टेकला, पण पंच म्हणाले दम आधीच सुटला होता. एवढीच गोष्ट. गावाने ती जवळजवळ पचवली होती. गुरुजींनी ती पुन्हा उकरली. त्या सामन्याला हजर असलेल्या प्रत्येकाकडे जाऊन त्यांनी जबान्या घेतल्या, रजिस्टरच्या मागच्या पानावर मैदानाचा नकाशा काढला, पंच कुठे उभे होते तिथे फुली मारली आणि सिद्ध केलं की तिथून पंचांना दम ऐकूच येणं शक्य नव्हतं, कारण मधे पल्याडचा ढोल होता.

ज्यांनी ती चढाई केली ते अण्णा आता सत्तरीला आले आहेत. एकदा पोपटी लावली होती तेव्हा मी त्या गप्पांना होतो. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्ड्याचा पाला, भोवती पेटलेला पेंढा. (गुरुजी आता पोपटीतही बोलतात. ‘भांबुर्डा कमी घातलाय’ असं त्यांनी त्या रात्री माझ्या सख्ख्या चुलत्याला सुनावलं. चुलत्याने मुकाट्याने पाला वाढवला.) अण्णा शेंग सोलता सोलता सहज म्हणाले,

‘आता काय लपवायचं गुरुजी. दम सुटला व्हता माझा.’

गुरुजी ताठ झाले. ‘नाही अण्णा. तुम्हाला आठवत नाहीये.’

‘अरे माझाच दम ना तो?’

‘तुम्ही थकला होतात. थकल्यावर माणसाला तसं वाटतं. दम होता.’

‘नव्हता ओ.’

‘होता!’ गुरुजी असे ओरडले की आवाज कोंबडीपर्यंत गेला असावा. मग हळू आवाजात म्हणाले, ‘आणि हे पल्याड कुठं बोलू नका.’

अण्णांनी मान डोलावली. मला वाटतं, हळूहळू त्यांनाही आठवायला लागलं आहे की दम होता.

११ सप्टेंबरला शाळेत विनोबा जयंती असते. सरपंच, पोलीस पाटील, पेणहून एखादे पाहुणे, फोटोला हार. पूर्वी भाषणात ‘आचार्य’, ‘ऋषितुल्य’, ‘पदयात्रा’ असे शब्द यायचे आणि पोरं पेंगायची. एका वर्षी गुरुजींनी भूदान समजावून सांगितलं. म्हणाले, ‘बाळांनो, चढाई म्हणजे काय? समोरच्याच्या हद्दीत एकट्याने जायचं. हातात काठी नाही, कोयता नाही. तोंडाने एकच शब्द. समोर सात जण अडवायला उभे. आणि परत यायचं ते रिकाम्या हाताने नाही. विनोबांनी काय केलं? १८ एप्रिल १९५१. तेलंगणात पोचमपल्ली. तिथल्या भूमिहीन लोकांनी किती जमीन मागितली? ऐंशी एकर. रामचंद्र रेड्डींनी किती दिली? शंभर! म्हणजे काय झालं?’

मागून राखीव खेळाडू ओरडला, ‘बोनस!’

‘शाब्बास! आणि पुढं तेरा वर्षं चढाई चालू. दम सोडला नाही. चाळीस लाख एकरांच्या वर जमीन घेऊन आले.’ पेणच्या पाहुण्यांनी घसा खाकरला. अध्यक्षीय भाषणात त्यांनी ‘अहिंसेचा विचार वेगळ्या दृष्टीने मांडला’ एवढंच म्हटलं. पण त्या दिवसापासून आमच्या पोरांना पोचमपल्ली कायमचं पाठ झालं, आणि मिळालेल्या जमिनीतली बरीचशी पुढे वाटलीच गेली नाही हे वाचल्यावर एका सातवीतल्या पोराने विचारलेला प्रश्नही माझ्या कानावर आहे: ‘मग ते गुण फलकावर चढलेच नाहीत का, सर?’ गुरुजींनी त्याला दुसऱ्या दिवशी ये म्हणून सांगितलं.

२०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा गुरुजींनी तिच्याकडे पाठ फिरवली. गादीवरची कबड्डी! पायात बूट! ‘देवळात चपला घालून जाण्यासारखं आहे हे,’ म्हणायचे, आणि मग कोणाच्या तरी घरी भिंतीला टेकून शेवटच्या चढाईपर्यंत बघायचे. २०१५ ला यू मुंबाने बंगळूर बुल्सला ३६–३० ने हरवून चषक घेतला त्या रात्री मात्र ते उठून उभे राहिले. कर्णधार अनुपकुमार. हरियाणाचा माणूस, आणि अख्खी वरळी त्याच्या नावाने ओरडत होती. पुढे इराणचा फजल अत्राचली यू मुंबाचा कर्णधार झाला, मग पुण्याचा झाला. गुरुजींना या गोष्टीचं फार. कोणी चेष्टेत ‘तुमी घाटावरचे’ म्हणालं की लगेच: ‘फजल कुठला? इराणचा. मुंबईचा झाला की नाही? परभणी त्यामानाने इथंच आहे.’

सुट्टीत ते परभणीला जातात तेव्हा काय होतं, हे वहिनींकडून कळलं. तिथे त्यांना ‘कोकणी’ म्हणतात. भावकीत कोणी वावराच्या बांधाचा वाद काढला की गुरुजी ऐकून घेतात, पण त्यात त्यांना आता धार वाटत नाही. अंगणात भाच्यांना उभं करून फक्की मारतात. जेवताना भात मागतात. वहिनींनी दरवर्षी बदलीचा अर्ज भरायचा लकडा लावलेला असतो आणि गुरुजी भरायला बसतातही. एका वर्षी पोर्टलची मुदत नेमकी उपांत्य फेरीच्या रात्री बाराला संपली. वहिनी म्हणाल्या, ‘मी काय बोलणार? संघ जिंकला होता ना.’

आता एका प्रकरणाकडे येतो.

आमच्या पट्ट्यात हल्ली ‘गाव मर्यादित’ स्पर्धा भरवतात. कारण पैसेवाली मंडळं बाहेरून खेळाडू आणतात आणि मूळ गावातली पोरं दोरीबाहेर उभी राहतात. म्हणून नियम: एक गाव एक संघ, प्रत्येकाने आधार कार्ड सोबत आणायचं, पत्ता त्याच गावचा हवा. गुरुजींचा हा आवडता नियम. संघाचे व्यवस्थापक म्हणून ते आयोजकांच्या टेबलाशी बसतात आणि समोरच्या संघाचं एकेक कार्ड हॅलोजनखाली धरून वाचतात. त्या रात्री पल्याडच्या संघात एक उंच चढाईपटू होता. कार्डावर खालापूर तालुका.

‘मामाकडं राहतो तो,’ त्यांचा व्यवस्थापक म्हणाला.

‘मामाचं गाव ते आपलं गाव नव्हे,’ गुरुजी म्हणाले. ‘हरकत लिहून घ्या.’

‘दोन वर्सं राहतोय.’

‘राहण्याने माणूस गावचा होत नाही. कागद दाखवा.’

मुलाला बाहेर बसवलं. आमच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पल्याडचा व्यवस्थापक काही बोलला नाही. यादीवरून बोट फिरवत खाली आला, व्यवस्थापकाच्या रकान्यावर थांबला आणि फार गोड आवाजात म्हणाला, ‘गुरुजी, तुमचं आधार बगू जरा.’

आधार कार्ड गुरुजींच्या पाकिटातच होतं. त्यांनी ते लगेच काढलं नाही. मग काढलं. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा परभणी.

आमच्या बाजूने एकच गलका झाला. गुरुजी खेळाडू थोडेच आहेत, व्यवस्थापकाला कसला नियम, वगैरे. पण आयोजकांनी नियमपत्रक वाचून दाखवलं: संघासोबतच्या सर्व व्यक्ती. ते पत्रक कोणाच्या अक्षरात होतं हे सांगायला नको.

त्या रात्री गुरुजींनी सामना दोरीबाहेरून पाहिला, माझ्या शेजारी. मी गागोद्यात जन्मलो, माझं घर इथे आहे, पण माझ्या आधारवर खारघर आहे. त्यामुळे मीही बाहेरचाच. तो खालापूरचा पोरगाही आमच्याच ओळीत येऊन उभा राहिला. गुरुजींनी त्याला आपादमस्तक बघितलं, रजिस्टर उघडलं आणि विचारलं, ‘डाव्या पायाने निघतोस का उजव्या?’

आमचा संघ गुरुजींशिवाय सात गुणांनी जिंकला. याचं त्यांना इतकं लागलं की दोन दिवस शाळेत त्यांनी कोणाला मारलंही नाही आणि कोणाचं कौतुकही केलं नाही. सोमवारी रजा टाकून पेणला गेले आणि आधारचा पत्ता बदलून आले. वहिनींना हे संध्याकाळी कळलं. त्यावर घरात काय झालं ते मला माहीत नाही, पण भिंतीवरच्या तक्त्याचा एक कोपरा फाटलेला आहे.

पुढच्या स्पर्धेत गुरुजी नवं कार्ड खिशात वरच ठेवून गेले. विचारायच्या आत टेबलावर ठेवलं. पल्याडच्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

‘आधार झालं,’ तो म्हणाला. ‘यादीत नाव हाय का?’

‘कुठल्या यादीत?’

‘मतदार यादीत. आधार काय, कोण पण बदलतंय.’

गावच्या मतदार यादीत गुरुजींचं नाव नव्हतं. गावाच्या यादीचे बीएलओ गुरुजीच. गेल्या कित्येक वर्षांत प्रत्येक नव्या सुनेचं नाव घालणं, प्रत्येक मयताचं कमी करणं, अठरा पूर्ण झालेल्या पोरांना हाताला धरून फॉर्म भरायला बसवणं, हे सगळं त्यांनी केलं होतं. स्वतःचं मत मात्र परभणीला, आणि निवडणुकीच्या दिवशी स्वतः ड्युटीवर.

स्थलांतराचा आठ नंबरचा फॉर्म त्यांनी त्याच आठवड्यात भरला. नियमाप्रमाणे पडताळणीसाठी तो संबंधित बीएलओकडे, म्हणजे त्यांच्याकडेच आला. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो की नाही याची घरी जाऊन समक्ष खात्री करायची आणि शेरा लिहायचा असतो. दुसऱ्या कोणी बसल्या जागी ‘राहतो’ लिहून टाकलं असतं. आमचे गुरुजी कागदाला पक्के. तो शेरा त्यांनी मला वाचून दाखवला, आणि अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं होतं: ‘दिलेल्या पत्त्यावर सायंकाळी साडेसात वाजता समक्ष भेट दिली. अर्जदार घरी आढळले नाहीत. अर्जदाराच्या पत्नीने, ते मैदानावर असतात व तिकडेच राहायला जावे, असे सांगितले. वास्तव्याबाबत खात्री झाली.’